मायक्रॉनच्या नावावर सहा मशीनं

त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस कारखान्यात उरलंच नव्हतं. पगाराच्या कागदावर ते नाव होतं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर होतं. बाकी सगळ्यांसाठी तो मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार तुकडे केले की त्यातल्या एकाला मायक्रॉन म्हणतात. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे साठ-सत्तर सहज मावतात, आणि हा गृहस्थ त्यातल्या दोन-तीनसाठी भांडायला उठायचा. "चालतंय रे, दोन मायक्रॉननं काय होतंय!" असं कुणी म्हणालं की त्याच्या कानशिलाची शीर ताडताड उडायला लागायची. एकदा असं म्हणणाऱ्याला त्याने सरळ विचारलं होतं, "डोळ्यात कुसळ गेलं तर बारीक आहे म्हणून राहू देशील का?" तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. घरी बायको त्याला भिंतीवर फोटो टांगायचं काम सांगत नसे. सांगितलं तर अख्खा रविवार एका खिळ्यात जायचा.

सत्ताविसाव्या वर्षी तो या कारखान्यात लोखंड कापायच्या साध्या लेथवर लागला. पुढे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली, तेव्हा त्याच्या बरोबरीचे लोक हाताची घडी घालून लांबून बघत राहिले. हा मात्र जाडजूड पुस्तकं घेऊन बसला आणि त्या मशीनांची भाषा शिकला. ती मशीनं दिसायला कपाटाएवढी, पण स्वतःचं डोकं म्हणाल तर शून्य. कुठे जायचं, किती खोल कापायचं, टूल, म्हणजे कापणारं हत्यार, कुठे वर उचलायचं, सगळं ओळीओळीने लिहून द्यावं लागतं. त्या लिखाणाला म्हणायचं प्रोग्राम, आणि ते लिहिण्याचं काम मायक्रॉनचं. शॉपच्या, म्हणजे मशीनं असलेल्या हॉलच्या, कोपऱ्यात काचेची केबिन, केबिनमध्ये एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक पाय लंगडणारी खुर्ची. काचेपलीकडे तीन-तीनच्या दोन रांगांत सहा मशीनं.

तीन नंबरवर पैलवान होता. पैलवान म्हणजे अगदी हाडांची मोळी. मशीनमध्ये टूल गार करायला जो कूलंटचा फवारा असतो, त्याच्यापुढे उभा राहिला तर हा वाहून जाईल, असं लोक म्हणायचे. दोघे एकाच आठवड्यात कामाला लागले होते, आणि एकतीस वर्षं एकाच बाकावर बसून त्यांनी डबा खाल्ला होता. याचा डबा उघडला की त्याचा हात आत, त्याचा उघडला की याचा. मायक्रॉनच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा पैलवान दोन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिला होता, कुणी न सांगता. ही गोष्ट मायक्रॉनला विसरता येत नाही, आणि पंचाईत हीच आहे.

आधी प्रोग्राम मशीनपर्यंत न्यायचा म्हणजे पेन ड्राइव्हमध्ये घालून न्यावा लागे. मायक्रॉन तो नाडीत ओवून गळ्यात घालायचा. एकदा वाकून बघताना गळ्यातला ड्राइव्ह कूलंटच्या टाकीत पडला आणि आठ दिवसांचं काम बुडालं. पण त्याहून मोठं दुखणं वेगळंच होतं. प्रत्येक मशीनवर प्रत्येकाने आपली आपली प्रत करून ठेवलेली. एकाच जॉबच्या, म्हणजे मशीनवर घडवायच्या एकाच भागाच्या, चार फाइली: 'फायनल', 'फायनल दोन', 'नक्की फायनल' आणि 'हाच घे'. त्यातला 'हाच घे' हमखास चुकीचा असायचा. तो घेऊन एकाने चाळीस नग भंगारात घातले, आणि फाइलीचं नाव वाचूनच घेतला म्हणून हुज्जतही घातली.

मग मायक्रॉनने मनावर घेतलं. लागोपाठ चार रविवार तो शॉपमध्ये एकटा शिडीवर चढून होता. भिंतीला भोकं पाडली, मशीनांच्या मागून केबल फिरवली, एकेका तारेचं टोक भिंगातून बघून दाबलं. स्वतःच्या कॉम्प्युटरवर त्याने एक फोल्डर केला आणि तो सहाही मशीनच्या कॉम्प्युटरवर उघडेल अशी सोय केली. आता प्रोग्राम एकच, एकाच जागी. ज्याला हवा त्याने आपल्या मशीनवरून उघडावा, बदल केला तर परत तिथेच ठेवावा. मालक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा!" आणि विषय संपला. मायक्रॉनला तेवढंही पुरलं.

सुरुवातीला त्याने प्रत्येक मशीनला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला होता. आठ दिवसांत त्याचे धिंडवडे निघाले. एकाने आपला पासवर्ड मार्करने मशीनच्या दारावरच लिहून टाकला. पाच नंबरवरचा बांबू, उंचीने सव्वासहा फूट आणि स्मरणशक्तीने दीड इंच, रोज तीनदा चुकीचा टाकून कॉम्प्युटर अडकवून ठेवायचा. सकाळी सात वाजता केबिनबाहेर दवाखान्यासारखी रांग लागायची. शेवटी मायक्रॉन वैतागला. पैलवान तेव्हा शेजारी चहा फुंकत उभा होता.

"एकच पासवर्ड करतो सगळ्यांना. काय ठेवू रे?"

"ठेव काहीही. मला काय विचारतोस? मला माझा फोन नंबर आठवत नाही."

मायक्रॉन गालातल्या गालात हसला आणि दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटले. मग तो सहाही मशीनवर फिरला, प्रत्येकावर स्वतःचं नाव टाकलं, तोच पासवर्ड टाकला आणि 'लक्षात ठेवा' या चौकटीत खूण केली. "झालं! आता कुणी काही लक्षात ठेवायचं नाही. जा, माझ्या नावावर काय वाटेल ते करा," असं तो शॉपच्या मधोमध उभा राहून ओरडला. सगळे हसले, बांबूने तर टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षं झाली त्याला.

नियम मात्र त्याने घालून दिला होता. प्रत्येक मशीनवर जॉब पकडायची तऱ्हा वेगळी, त्यामुळे एकावर बरोबर असलेला बदल दुसऱ्यावर घातक ठरू शकतो. म्हणून कुणी काही बदललं, तर फाइल आपल्या मशीनचा नंबर जोडून वेगळ्या नावाने ठेवायची, आणि केबिनच्या दाराला दोरीने बांधलेल्या वहीत लिहायचं: तारीख, मशीन, काय बदललं, सही. बाकीचे कुरकुरत का होईना, लिहायचे. पैलवान कधीच नाही. "मी काय कारकून आहे?" म्हणायचा. चहाच्या वेळी तोंडी सांगायचा, आणि मायक्रॉन त्याच्या वतीने वहीत लिहून खाली सहीसुद्धा आपलीच ठोकायचा. मैत्रीत माणूस असली कामं करतो आणि त्याला त्यात काही वाटतही नाही. अकरा वर्षांच्या वह्या काढून बघा, पैलवानचं अक्षर एकदाही सापडणार नाही.

आता रिटायर व्हायला सहा महिने राहिले होते. मायक्रॉनच्या मनात एकच गोष्ट होती. फोल्डरमध्ये चौदाशे प्रोग्राम साठले होते. तो एकेक उघडायचा, तपासायचा, जुने घोळ निस्तरून स्वच्छ करायचा. अकराशे झाले होते. उरलेले तीनशे संपवायचे, पुढच्या माणसाच्या हातात नीटनेटका संसार द्यायचा आणि ताठ मानेने दाराबाहेर पडायचं. एवढ्या वर्षांत त्याच्या प्रोग्रामने एकदाही टूल कशावर आपटलं नव्हतं. दुसरं मिरवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं, आणि त्याला नकोही होतं.

त्याच सुमारास नवे मॅनेजर आले. वयाने मायक्रॉनच्या भाच्याएवढे. त्यांनी पहिल्याच महिन्यात शॉपच्या भिंतीवर एक मोठा पडदा लावला. कुठल्या मशीनला एका नगाला किती सेकंद लागतात ते त्यावर दिसायचं. वेळेत असेल तर हिरवं, जास्त असेल तर लाल. तीन नंबर कायम लाल. पैलवान येता-जाता त्या पडद्याला शिव्या घालायचा, पण घालताना आवाज खाली असायचा.

तेव्हा तीन आणि पाच नंबरवर एक लोखंडी झाकण चाललं होतं, अठरा भोकांचं. टूल एक भोक पाडायचं, पन्नास मिलिमीटर वर यायचं, पुढच्या भोकावर जायचं आणि परत खाली. पन्नास का, तर वाटेत जॉब दाबून धरणारे क्लॅम्प असतात, त्यांना टूल अडकू नये म्हणून. पैलवानच्या मशीनवरचे क्लॅम्प बुटके होते. चहाच्या वेळी तो बाकावर येऊन बसला आणि म्हणाला, "त्या झाकणाला वरचं पन्नासचं पाच केलंय. सोळा सेकंद वाचले. बघ, हिरवं झालंय."

"वेगळ्या नावानं ठेवलंस ना?"

"हो रे बाबा, हो."

मायक्रॉनने वहीत लिहिलं: मशीन तीन, झाकण, वरची उंची पन्नासऐवजी पाच. खाली सही केली. फोल्डर उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण पैलवानचं 'हो' कुठे तपासून बघायचं असतं का? मायक्रॉनसाठी दोनच गोष्टी अशा होत्या ज्या तो मोजून घेत नसे, एक बायकोच्या हातचा चहा आणि दुसरी ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला पाच नंबरवर बांबूने झाकणाची फाइल उघडली. बांबूचे क्लॅम्प पंचवीस मिलिमीटर उंच. टूलने पहिलं भोक पाडलं, पाच मिलिमीटर वर आलं आणि पूर्ण वेगात आडवं निघालं. जो आवाज झाला तो शॉपमधल्या प्रत्येकाच्या दातांत शिरला. टूल तुटून दाराच्या काचेतून बाहेर आलं, काच लागून बांबूच्या दंडाला सात टाके पडले, आणि मशीनचा स्पिंडल, म्हणजे टूल धरून फिरवणारा मुख्य दांडा, वाकला. बांबू जमिनीवर बसून आपल्याच रक्ताकडे नवल केल्यासारखं बघत होता. मायक्रॉनने आपला रुमाल त्याच्या दंडाला बांधला. त्याला दवाखान्यात पाठवल्यावर तो केबिनमध्ये आला आणि फाइल उघडली.

फाइलचं नाव जुनंच होतं. नंबरबिंबर काही जोडलेला नाही. आणि वरून सातव्या ओळीत पन्नासच्या जागी पाच.

टाइप केलेल्या अक्षराला हस्ताक्षर नसतं असं म्हणणाऱ्याने कधी प्रोग्राम लिहिलेला नसतो. मायक्रॉन आकड्यापुढे टिंब द्यायचा आणि टिंबापुढे शून्य द्यायचा, न चुकता. पैलवान नुसतं टिंब देऊन सोडून द्यायचा. टिंब विसरलं तर ही जुनी मशीनं पाच मिलिमीटरला पाच मायक्रॉन समजतात, हे मायक्रॉननेच त्याला कधीकाळी बजावून शिकवलेलं. शून्य द्यायचा मात्र त्याला कायम कंटाळा. त्या ओळीत पाच होता, टिंब होतं आणि पुढे काही नव्हतं. पैलवान समोर उभा राहून बोलला असता तरी इतकं स्पष्ट कळलं नसतं.

तो तीन नंबरवर गेला. पैलवान मशीन बंद करून उगाच ट्रे पुसत होता.

"जुन्याच नावानं ठेवलंस."

पैलवानने मान वर केली नाही. "घाईत होतो रे. पडद्यावर लाल आलं की तो माणूस मागे येऊन उभा राहतो."

"बांबूचा डोळा गेला असता."

"माहितीय मला!" पैलवानच्या हातातलं फडकं थांबलं. "मी सांगतो साहेबांना. उद्या सांगतो. आज नको, आज फार तापलेत ते."

"नक्की?"

"अरे, एकतीस वर्षं ओळखतोस ना मला?"

मायक्रॉनला तेवढ्याने हायसं वाटलं. घरी जाताना वाटेत तो विचार करत होता की पैलवानला शिक्षा होऊ नये म्हणून मॅनेजरांकडे आपण कसा शब्द टाकायचा. वहीतली नोंद आपण केली पण फाइल तपासली नाही, तेव्हा थोडी चूक आपलीही, असं तो सांगणार होता. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. असा हा माणूस.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या खोलीत बाहेरून आणलेला कॉम्प्युटरवाला बसला होता. त्याने पडदा सगळ्यांकडे फिरवला. झाकणाची फाइल, बदलाची वेळ अपघाताच्या आदल्या दिवशी दुपारी एक चाळीस, आणि बदल करणाऱ्याचं नाव: मायक्रॉनचं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. इतक्या वर्षांनी ते कारखान्यात कुणीतरी मोठ्याने वाचलं.

"कुठल्या मशीनवरून केलं ते कळत नाही?" मॅनेजरांनी विचारलं.

"नाही साहेब. तशी नोंद ठेवलेलीच नाही. नाव तेवढं कळतं."

"साहेब, सहाही मशीनवर माझंच नाव आहे," मायक्रॉन म्हणाला. "कुणीही केलं तरी तेच दिसणार."

"म्हणजे तुमचा पासवर्ड तुम्ही सगळ्यांना देऊन ठेवला होता?"

"दिला नव्हता. मशीनवर टाकून ठेवला होता."

"काय फरक आहे?"

फरक काय ते सांगायला मायक्रॉनने तोंड उघडलं. सातची ती रांग, बांबूचे तीन चुकीचे पासवर्ड, शिडीवरचे चार रविवार, हे सगळं या माणसाला कुठून सांगायला सुरुवात करायची? तेवढ्यात मॅनेजरांनी वही पुढे ओढली. "मशीन तीन, झाकण, पन्नासऐवजी पाच. हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"सही?"

"माझी. पण ते सांगितलं…" मायक्रॉन थांबला आणि शेजारी उभ्या असलेल्या पैलवानकडे बघितलं. ते वाक्य पैलवानने पुरं करायचं होतं. त्यासाठीच तो थांबला होता. खोलीत पंखा फिरत होता आणि वहीचं पान उडू पाहत होतं.

मॅनेजरांनी पैलवानला विचारलं, "तीन नंबर तुमचं. तुम्ही बदललात का काही?"

पैलवान स्वतःच्या बुटांकडे बघत होता. "साहेब, प्रोग्रामचं सगळं तेच बघतात," तो म्हणाला. "आम्ही फक्त बटण दाबतो."

मायक्रॉनला वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. सत्य सांगायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. टिंब आणि शून्याची गोष्ट त्याने सांगितलीसुद्धा, अडखळत, आणि ऐकताना कॉम्प्युटरवाला हसू दाबत होता. "टिंबावरून?" मॅनेजर म्हणाले. "काका, वयाच्या मानाने तुम्ही खूप केलंत. पण आता हे असं दुसऱ्यावर ढकलू नका." 'काका' म्हणाले ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

बाहेर शॉपमध्ये सगळ्यांना खरं माहीत होतं. वहीत पैलवानचं मायक्रॉन लिहितो, हे बांबूलासुद्धा ठाऊक होतं, आणि बांबूला फारसं काही ठाऊक नसायचं. पण जो तो आपापल्या मशीनच्या काचेत डोकं घालून बसला. संध्याकाळी गेटपाशी पैलवानने त्याला गाठलं.

"माझी अजून चार वर्षं आहेत रे," तो म्हणाला. "धाकटीचं शिक्षण व्हायचंय. तू काय, सहा महिन्यांनी जाणारच होतास."

"जाणारच होतो," मायक्रॉन म्हणाला, "पण असा नाही." आणि तो चालायला लागला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ती धुतलेले कपडे घड्या करत होती आणि प्रत्येक घडी आधीच्यापेक्षा जोरात आपटत होती.

"अहो, अख्ख्या गल्लीला घराची किल्ली वाटलीत तुम्ही," ती म्हणाली. "आता चोरी झाली तर घरमालकालाच विचारणार ना?"

"किल्ली वाटली म्हणून कुणी चोरी करत नाही."

"नाही करत. पण केलेली कबूलही करत नाही." मग तिचा आवाज बदलला. "दोन दिवस बसला होता हो तो माझ्यासाठी. बिस्किटाच्या पुड्यावर."

"माहितीय," मायक्रॉन म्हणाला.

राजीनामा त्याच्याकडून लिहून घेतला. कारण म्हणून 'प्रकृती' असं लिहायला लावलं, आणि त्याची प्रकृती तर ठणठणीत होती. शेवटच्या दिवशीही तो फोल्डर उघडून बसला आणि संध्याकाळपर्यंत अकरा प्रोग्राम तपासले. दोनशे एकोणनव्वद राहिले. ते कुणाच्या हवाली करायचे म्हणून विचारायला तो मॅनेजरांकडे गेला, तर ते मीटिंगमध्ये होते. त्याने गळ्यातला जुना पेन ड्राइव्ह, एक भिंग आणि स्वतःचा कप पिशवीत घातला. वही दाराला तशीच लटकत राहू दिली. बांबू दंडाला पट्टी बांधून हजेरी लावायला आला होता. तो पुढे झाला आणि त्याने तो रुमाल परत दिला. धुऊन आणला होता, तरी डाग होताच.

कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं होतं की आता प्रत्येक मशीनला वेगळं नाव करू. मग कळलं की त्यासाठी सगळी मशीनं एक दिवस बंद ठेवावी लागतील. एक दिवस बंद म्हणजे भिंतीवरचा पडदा पूर्ण लाल. तेव्हा ते राहिलं पुढच्या आठवड्यावर, मग त्याच्या पुढच्या.

तीन आठवडे गेले. मायक्रॉन रोज पहाटे साडेपाचला उठायचा, दाढी करायचा आणि सहाला तयार होऊन खुर्चीत बसायचा. घरातली कुरकुरणारी सगळी दारं त्याने पहिल्या चार दिवसांतच नीट केली होती. फोन वाजला की तो दुसऱ्या घंटेच्या आत उचलायचा. बायकोला कळत होतं तो कुणाच्या फोनची वाट बघतोय ते, आणि तिला त्याचा राग येत होता, आणि कीवही.

एका सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन आला. पडद्यावर पैलवानचं नाव. शेवटी सुचलं याला, त्याच्या मनात आलं, आणि किती सहज माफ करून टाकणार आहोत आपण, हे लक्षात येऊन त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"बोल."

"मायक्रॉन, मी रे." मागे शॉपचा पंखा घरघरत होता, मशीनांचा आवाज मात्र नव्हता. "कसा आहेस?"

"बरा आहे."

"अरे, ते… काल संध्याकाळी लाइट गेली आणि जनरेटरही लागला नाही. सगळं बंद पडून परत चालू झालं, पण लक्षात ठेवलेलं सगळं पुसलं गेलं. आता पाचच्या पाच मशीनं पासवर्ड मागतायत. पाच नंबर तर अजून दुरुस्तीसाठी उघडंच पडलंय. तुझं नाव येतंय आणि खाली रिकामी चौकट. कॉम्प्युटरवाला दुपारशिवाय येत नाही म्हणतो. साहेब इथे डोक्यावर उभे आहेत. काय होता रे तो?"

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिला पलीकडचा आवाज ऐकू आला होता. तिने मान जोरजोरात हलवली: नाही, द्यायचा नाही.

नाही दिला असता तर पाच मशीनं दुपारपर्यंत थांबली असती. पडदा लाल झाला असता, मॅनेजर ओरडले असते. एवढाच काय तो सूड, अर्ध्या दिवसाचा. मायक्रॉनला तो नको होता. त्याला दुसरंच काहीतरी हवं होतं, आणि ते असं फोनवरून, शब्दाशब्दाने, त्या माणसाच्या कानात घालायची वेळ पुन्हा आली नसती.

"तुझं नाव टाक," तो म्हणाला.

"माझं?"

"पैलवान. इंग्रजीत, लहान अक्षरात. आणि पुढे तीन."

"तीन कशाला?"

"तुझं मशीन."

पलीकडे पंखा घरघरत राहिला. कुणीतरी मागून विचारलं, "मिळाला का?" मग एकेक बटण दाबल्याचा आवाज आला, अगदी सावकाश, जसं काही प्रत्येक अक्षर शोधावं लागत होतं. शेवटी बारीकसा टिंग असा आवाज झाला.

"झालं," पैलवान म्हणाला. ते तो मॅनेजरांना म्हणाला होता. फोन बंद झाला.

"माफी मागितली का?" बायकोने विचारलं.

"पासवर्ड मागितला."

"आणि दिलात तुम्ही."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सात वीस. एव्हाना मशीनं सुरू झाली असणार. आज दिवसभरात त्या फोल्डरमध्ये जो कोणी जे काही बदलेल, त्याच्यापुढे मायक्रॉनचंच नाव उमटणार होतं, वडिलांच्या नावासकट.